खासगी कलासंग्रह बघायला पहिल्यांदाच निघताय? आधी औंधच्या बाळासाहेबांची गोष्ट वाचा

बेळगाव, प्रतिनिधी

सुट्टी लागली की आमच्या घरी ठरलेली चर्चा होते. यंदा कुठं जायचं? कोकण झालं, गोवा तर शेजारीच, देवदेवही बरंच झालं. या वेळी लेकीनं वेगळीच टूम काढली. तिला कुणीतरी एकट्या माणसानं जमवलेली चित्रं आणि मूर्ती बघायच्या होत्या. सरकारनं उत्खननातून काढून मांडलेल्या वस्तू नव्हेत, तर एखाद्यानं हौसेनं, पदरमोड करून गोळा केलेल्या.

मी बी. कॉम. झालेला माणूस. मला जमाखर्च कळतो, चित्रातलं काही कळत नाही. पण चौकशी केली तेव्हा लक्षात आलं की आपल्या मराठी माणसांच्या वस्तीजवळ असे संग्रह चांगले आहेत. हैदराबादच्या वाचकांना सालारजंग आहे, वडोदऱ्यात महाराजा फतेहसिंह संग्रहालय आहे, ग्वाल्हेरला जयविलास आहे, पुण्यात राजा केळकर आहे. बेळगाव-निपाणीकडच्या लोकांनी मात्र सुरुवात औंधपासून करावी, असं माझं मत झालंय. कारण तिथला संग्रह ज्यानं उभा केला, त्या माणसाचा आपल्या बेळगावशी आणि विजयपूरशीही संबंध आहे. तो संबंध आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे औंध म्हणजे पुण्यातलं औंध नव्हे. मोबाइलवर नुसतं औंध टाकलंत तर थेट पुण्यातल्या गर्दीत पोचाल. आपलं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. तिथल्या डोंगरावर यमाई देवी आहे. अनेक घरांची ती कुलदेवता, त्यामुळं गाव पुष्कळांना देवीमुळं माहीत असतं. देवीच्या वाटेवरच एक संग्रहालय आहे, हे मात्र दर्शन करून परतणाऱ्यांतल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

धाकटी पाती

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी म्हणजेच बाळासाहेब. जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. प्रतिनिधी हे मराठेशाहीतलं मोठं पद, छत्रपती राजारामांच्या काळात निर्माण झालेलं. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांपासून ते या घराण्यात आलं. पुढं पेशव्यांचं वजन वाढलं तसं प्रतिनिधींचं कमी झालं आणि इंग्रजी अमलात उरलं ते औंध नावाचं छोटं संस्थान.

छोटं म्हणजे किती? साधारण पाचशे चौरस मैल आणि बहात्तर गावं. तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूर जिल्ह्यात. म्हणजे आजच्या विजयपूर जिल्ह्यातलं गुणदाळ हे तेव्हा मराठी राजाच्या अमलातलं गाव होतं. सीमाभागाचा नकाशा किती वेळा बदललाय, ते अशा नोंदींतून कळतं.

बाळासाहेब गादीचे पहिले वारस नव्हते. वडील १९०१ साली वारले, त्यांच्यामागं थोरले बंधू गादीवर आले. ते १९०५ साली गेले आणि पुतण्या आला. पुतण्याच्या कारकिर्दीत दरबारात कटकारस्थानांचं प्रकरण झालं आणि इंग्रज सरकारनं त्याला दूर केलं. नोव्हेंबर १९०९ मध्ये गादी बाळासाहेबांकडे आली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते, वडिलांच्या हाताखाली कारभार शिकलेले होते. आणि मुख्य म्हणजे हातात कुंचला धरणारे होते.

राजाला चित्रांची आवड असणं यात नवल नाही. पैसा असला की चित्रं विकत घेता येतात. बाळासाहेब मात्र स्वतः चित्रं काढत. रामायणातले प्रसंग त्यांनी रंगवले आणि त्याचं चित्ररामायण छापून काढलं. ते कीर्तन करत. वेरूळवर आणि अजिंठ्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकं लिहिली, वेरूळचं १९२९ साली आणि अजिंठ्याचं १९३२ साली. लेणी बघायला येणाऱ्या माणसाला हाताशी काहीतरी असावं, अशा धाटणीची ती पुस्तकं आहेत. म्हणजे पहिल्यांदा प्रवासाला निघालेल्या माणसाची अडचण या राजाला शंभर वर्षांपूर्वीच समजली होती म्हणायची.

बेळगावचा माणूस आणि औंधची जागा

आता आपल्या गावाचा संबंध. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, पण काही रंगांतला फरक डोळ्यांना नीट कळत नाही हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडली आणि यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढं बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला लागले. धंदा जम धरत होता, तोच गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. यंत्रं आहेत, माणसं आहेत, पण ठेवायची कुठं? धंदा केलेल्या माणसालाच या प्रश्नाचं वजन कळेल.

त्या सुमारास लक्ष्मणरावांना औंधला सभामंडप बांधायचं काम मिळालं आणि बाळासाहेबांशी संबंध आला. राजानं त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळरानाची जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० च्या मार्चमध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली. निवडुंग आणि दगडधोंडे असलेल्या जमिनीवर कारखाना, घरं आणि शाळा उभ्या राहिल्या. बेळगावात ज्याला जागा उरली नव्हती, त्याला औंधच्या राजानं जागा दिली.

जमाखर्च बघणारा माणूस म्हणून मला इथं थांबावंसं वाटतं. गादीवर बसून सहा महिनेही झाले नव्हते. संस्थानाचं उत्पन्न तुटपुंजं. अशा वेळी न चाललेल्या धंद्याला बिनव्याजी पैसे द्यायचे म्हणजे कुठल्याही हिशेबनिसानं मान हलवली असती. पण माणूस पारखायची नजर आणि चित्र पारखायची नजर बहुतेक एकच असावी. बाळासाहेबांची ती पक्की होती.

गोळा केलेली माणसं

औंधचा संग्रह वस्तूंचा जेवढा आहे, तेवढाच माणसांचाही होता. सावंतवाडीकडचे श्रीपाद दामोदर सातवळेकर हे चांगले चित्रकार. लाहोरला त्यांनी चित्रांचा व्यवसाय केला, पण ओढा वेदांच्या अभ्यासाकडे. त्यांच्या लेखनामुळं सरकारची नजर त्यांच्यावर होती. असा माणूस जवळ ठेवणं संस्थानिकाला परवडणारं नव्हतं. तरी ते औंधला आले, त्यांनी स्वाध्याय मंडळ तिथंच उभं केलं आणि जवळपास तीस वर्षं औंध हेच त्यांचं घर झालं.

पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं मनावर घेतलं. देशभरच्या पोथ्या गोळा करायच्या, एकेक श्लोक ताडून बघायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चालणारं काम. बाळासाहेबांनी १९१८ साली त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. त्या काळचे एक लाख आणि औंधसारखं संस्थान, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एवढ्यावर न थांबता त्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः चित्रंही केली. मूळ महाभारताचं काम १९६६ साली पुरं झालं. तोवर बाळासाहेबांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

सूर्यनमस्काराचा तर त्यांना ध्यासच होता. स्वतः रोज घालत, घरच्यांना घालायला लावत आणि संस्थानातल्या शाळांतल्या पोरांनाही सुट्टी नव्हती. त्यावर मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, १९३८ साली विलायतेतही त्यांचं पुस्तक निघालं. आज जगभर योगवर्गात जे सूर्यनमस्कार घालतात, त्यांच्या प्रसारात औंधच्या या राजाचा वाटा मोठा आहे. पोरांना ते किती आवडत होतं, हा भाग निराळा. राजाची हौस सक्तीची झाली की रयतेला ती करावीच लागते, हेही इथं लिहायला हवं.

आणि १९३५ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष बाळासाहेबच होते. इंदूरच्या वाचकांनी ही नोंद आवर्जून घ्यावी.

डोंगरावरचं घर

चित्रं जमत गेली. रविवर्म्याची चित्रं आली. धुरंधरांनी रंगवलेले शिवचरित्रातले प्रसंग आले. पहाडी आणि इतर शैलींची लघुचित्रं आली. हस्तिदंत, चंदन, लाकूड यांवरचं कोरीवकाम आलं. पाश्चात्त्य संगमरवरी शिल्पं आली, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आल्या. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्पही इथं आहे. ज्याचं काम बघायला लोक लंडनला जातात, त्याचं शिल्प खटाव तालुक्यात आहे हे ऐकून मला आधी खरंच वाटलं नाही.

हे सगळं वाड्यात ठेवता आलं असतं. पाहुणे आले की दाखवायचं, कुलूप लावायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालायचं. बाळासाहेबांनी तसं केलं नाही. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर, देवीला जायच्या वाटेवर त्यांनी संग्रहालय बांधलं आणि त्याला भवानीचं नाव दिलं.

जागेची ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. मुंबईला किंवा पुण्याला इमारत बांधली असती तर नाव जास्त झालं असतं, शहाणी माणसं येऊन वाहवा करून गेली असती. पण डोंगरावर कोण येतं? नवस फेडायला आलेला शेतकरी, लेकरू कडेवर घेतलेली बाई, यात्रेतली पोरं. देवीचं दर्शन घेऊन उतरताना ही माणसं चित्रं बघतील, असा तो बेत दिसतो. आणि नकलांचं कोडंही मला इथंच सुटलं. जाणकार म्हणतील, अस्सल रविवर्म्याच्या जोडीला नक्कल कशाला? पण आटपाडीचा माणूस इटलीला कधी जाणार होता? त्याला नक्कल तरी बघू दे, असं राजाला वाटलं असेल. मला तरी तसंच वाटतं.

राज्यही लोकांना

संग्रहालय उघडलं त्याच सुमारास बाळासाहेबांनी आणखी एक दार उघडलं. मॉरिस फ्रीडमन नावाचे मूळचे पोलंडचे एक इंजिनिअर बेंगळुरूला कामाला होते, ते गांधीजींच्या विचारांनी भारलेले. त्यांची आणि बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांची गाठ पडली. त्यातून राजानं आपले अधिकार प्रजेला देऊन टाकावेत असा विचार पुढं आला. आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून आलेले तरुण, त्यांचा उत्साह समजू शकतो. पण बाळासाहेब सत्तरीला आले होते. या वयात माणूस हातात आहे ते घट्ट धरून ठेवतो.

त्यांनी मात्र होकार दिला. सेवाग्रामला गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली आणि कारभार गावपंचायतींपासून वर रचला गेला. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, शेती करायची आणि माणसासारखं राहायचं. पुढं १९५७ साली आलेल्या दो आँखें बारह हाथ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाचं मूळ याच प्रयोगात आहे.

म्हणजे साधारण वर्षभरात या माणसानं आपली चित्रंही लोकांसमोर ठेवली आणि आपली सत्ताही. माझ्या दृष्टीनं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. जे आपल्याकडे आहे ते आपण गेल्यावर कुणाचं, या प्रश्नाला त्यांनी जिवंतपणीच उत्तर देऊन ठेवलं.

नंतर काय झालं

हे उत्तर किती वेळेवर दिलं होतं, ते पुढच्या दहा वर्षांत दिसलं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ साली किर्लोस्करवाडीचा कारखाना होरपळला. सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झालं. चाळीस वर्षांत उभं केलेलं बरंचसं डोळ्यांसमोर हललं. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले.

त्या काळात देशातल्या कितीतरी वाड्यांतल्या वस्तू बाहेर पडल्या. कुठं भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, कुठं कर्ज फेडायला विक्री झाली, काही परदेशी गेल्या. राजवाड्यांचंच कशाला, आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांनी आयुष्यभर जुनी नाणी, समया आणि पोथ्या जमवल्या होत्या. आजोबा गेले आणि वर्षाच्या आत समया मोडीत गेल्या, पोथ्या माळ्यावर वाळवीनं खाल्ल्या. घरच्यांना दोष देता येत नाही. त्या वस्तूंचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

औंधला तसं झालं नाही. वस्तूंना स्वतःचं घर होतं आणि त्या घराचं दार आधीच लोकांसाठी उघडं होतं. आज हे संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. राजा गेला, संस्थान गेलं, तरी संग्रह गावातच राहिला.

आता प्रवासाचं बोलू

बेळगावहून औंध साधारण सव्वादोनशे किलोमीटर पडतं. गाडीनं महामार्ग धरून कराडपर्यंत जायचं आणि पुढं पुसेसावळीवरून औंध. रेल्वेनं जाणाऱ्यांना मिरज-पुणे मार्गावर रहिमतपूर स्टेशन जवळचं. मात्र सगळ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत, त्यामुळं वेळापत्रक आधी बघा. याच मार्गावर किर्लोस्करवाडी लागतं. एका प्रवासात दोन्ही जागा नजरेखालून घालता येतात आणि गोष्ट पुरी होते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एक, सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या. डोंगर चढून गेल्यावर कुलूप दिसलं की सगळ्यांचा मूड जातो. दोन, पौषातल्या यात्रेच्या दिवसांत गर्दी असते. चित्रं निवांत बघायची असतील तर ते दिवस टाळा. तीन, सकाळी पोचा आणि पायऱ्या उन्हाच्या आधी चढा. सोबत वयस्कर मंडळी असतील तर गाडी कुठवर जाते ते गावात विचारा. चार, सगळं एका दिवसात बघायचा हट्ट धरू नका. आपल्याला आवडतील अशा दहा वस्तू निवडा, प्रत्येकीसमोर पाच मिनिटं उभे राहा. पोरांना विचारा, हे इथं का आणलं असेल? उत्तर चुकलं तरी चालेल.

आणि निघण्याआधी घरात बसून बाळासाहेबांची एवढी गोष्ट सगळ्यांना सांगा. सरकारी संग्रहालयात वस्तू काळाच्या क्रमानं लावलेल्या असतात, आपण पाट्या वाचत पुढं जातो. एकट्याच्या संग्रहात क्रम असतो तो त्या माणसाच्या आवडीचा. माणूस माहीत नसेल तर रविवर्म्याशेजारी हस्तिदंत आणि हस्तिदंताशेजारी संगमरवर, असा नुसता पसारा दिसतो.

आमच्या घरी तिकिटं काढायचं काम माझ्याकडं आहे, गोष्ट सांगायचं काम लेकीनं घेतलंय. ती आत्तापासून आजीला हेन्री मूर समजावून सांगतेय. आजीचं म्हणणं एवढंच की आधी यमाईची ओटी भरायची, मग काय ती चित्रं. बाळासाहेबांचा बेतही हाच होता, त्यामुळं आमच्यात वाद नाही.